सिस्टर व्हायचं मनात आहे? ठाणे-नवी मुंबईतल्या मुलींनी कुठून सुरुवात करावी

रविवारची मराठी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपली की लोक चर्चच्या आवारात गप्पा मारत उभे असतात. त्या गर्दीपासून थोडी लांब एखादी मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत थांबलेली दिसते. सगळे पांगले की ती जवळ येते. "सिस्टर, दोन मिनिटं बोलायचं होतं." तिचं पुढचं वाक्य मला न ऐकताच कळतं: तिला सिस्टर, म्हणजे व्रतं घेतलेली कॅथलिक धर्मभगिनी, व्हायचंय. एके काळी मीही एका सिस्टरपाशी ते असंच चाचरत बोलले होते.

मी ठाण्यात वाढले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला होते. सिस्टर व्हायला, सिस्टरांच्या संस्थेत जायला, मी दोनदा बॅग भरून घरातून निघाले. पहिल्या वेळी अकरा महिन्यांनी परत आले. त्यानंतर तीन वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली आणि मग दुसऱ्या संस्थेत गेले. तिथे आता माझी अखेरची व्रतंही झाली आहेत. पहिल्या वेळी मला कोणी जे सांगितलं नव्हतं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते. पाचारणाची, म्हणजे या जीवनासाठी देवाने दिलेल्या हाकेची, पारख दोन्ही बाजूंनी होते. तू संस्थेला पारखतेस आणि संस्था तुला. त्यात वर्षं जातात आणि ती जावीच लागतात.

१. आधी नेमकं काय मागतेस ते समजून घे

बोलताना आपण सगळ्यांनाच "सिस्टर" म्हणतो, पण जगण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. काही सिस्टर शाळा, दवाखाने, वस्त्या, वसतिगृहं, प्रकाशन अशा कामांत असतात. दुसऱ्या मठाच्या भिंतीआड राहतात आणि प्रार्थना हेच त्यांचं मुख्य काम असतं. कार्मेलच्या किंवा क्लारा मठाच्या सिस्टर या दुसऱ्या प्रकारात येतात. मुख्य व्रतं दोन्हीकडे तीन असतात: ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीमध्ये गरिबातल्या गरिबांची विनामूल्य सेवा हे चौथं व्रतही घेतात.

मुली ब्रह्मचर्याचा फार विचार करून येतात, आज्ञापालनाचा जवळजवळ नाहीच. प्रत्यक्षात रोज पदर ओढतं ते आज्ञापालन. मला लॅबचं काम येत होतं, आवडतही होतं. नंतरच्या संस्थेत मला पहिलं काम मिळालं ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं. सत्तर मुलींची भाजी चिरताना माझ्या मनात जे काय चाललं होतं, त्यातून मी आज्ञापालन शिकले.

२. सहा महिने काहीही ठरवू नकोस

एखाद्या रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) रात्रीच्या आराधनेत मन भरून येतं आणि वाटतं, आता उद्याच घर सोडावं. ती भावना खोटी नसते. पण तिच्यावर लगेच सही करायची नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी मनाच्या चढउतारांबद्दल एक साधा नियम घालून दिला आहे: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. त्याच्या जोडीला ते असंही बजावतात की मन आनंदाने उसळत असताना घाईने वचन देऊ नये.

या सहा महिन्यांत रोज पंधरा-वीस मिनिटं शांत प्रार्थना, जमेल तितक्या वेळा मिस्सा आणि महिन्यातून एकदा पापनिवेदन ठेव. आणि एक वही. मी नोकरीसाठी रोज ठाणे-वाशी लोकलने जायचे. ऐरोली गेलं की जपमाळ काढायची आणि तुर्भ्यापर्यंत पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच जप, पुरी करायची. संध्याकाळी परतीच्या गाडीत वहीत दोन ओळी लिहायच्या: आज कशाने शांत वाटलं, कशाने अस्वस्थ. चार महिन्यांनी वही चाळली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली होती. रुग्णांपाशी बसलं की माझं मन शांत होत होतं. मुलांना शिकवण्याचा विचार आला की छाती जड व्हायची. पहिल्या वेळी मी शिक्षणकार्य करणाऱ्या संस्थेत गेले होते. ही वही आधी लिहिली असती तर ते मला निघण्याआधीच दिसलं असतं.

इथेच स्वतःला एक कडू प्रश्न विचार: मी कुठे जाते आहे की कशापासून पळते आहे? घरी स्थळं बघायला लागलेत, मोडलेलं प्रेम आहे, परीक्षेत अपयश आलं, घरात बाबांची दारू आहे. यातलं काही असलं म्हणजे पाचारण नाहीच असं नव्हे. पण ते दुखणं बॅगेबरोबर आत येतं आणि कॉन्व्हेंटच्या (सिस्टरांच्या निवासाच्या) शांततेत जास्तच ठसठसतं. आधी त्याच्यावर उपाय कर.

३. सोबतीला एक जाणतं माणूस घे

हे एकटीने ठरवायचं काम नाही. आध्यात्मिक मार्गदर्शन करणारे एक फादर किंवा सिस्टर निवड आणि महिन्यातून एकदा भेट. शक्यतो ज्या संस्थेत जायचं मनात आहे, तिथल्याच सिस्टर मार्गदर्शक नकोत. त्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचं मन नकळत आपल्या संस्थेकडे झुकतं.

आपल्या धर्मग्रामाच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांना मात्र लवकर सांगून ठेव. पुढे त्यांचं शिफारसपत्र लागेल. तुला तीन वर्षांत एकदाही न भेटलेले फादर त्यात काय लिहिणार? कोअरमध्ये गाणं, लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग, आजारी लोकांच्या घरी जाणं, काहीतरी नेमाने कर. ते पत्रासाठी नको, स्वतःला बघण्यासाठी कर. महिनाभरात कंटाळा येतो का, कुणी आभार मानले नाहीत तर राग येतो का, हे कळतं.

४. संस्था कशी शोधायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक मुली शाळेतल्या आवडत्या सिस्टरच्या संस्थेत जातात. मीही तेच केलं. त्या सिस्टरची काही महिन्यांतच दुसऱ्या राज्यात बदली झाली आणि मी मात्र त्यांच्या संस्थेत उरले. संस्था निवडताना माणूस बघू नकोस. तिच्या संस्थापकांनी काय ओळखलं होतं आणि आज तिथल्या सिस्टर रोज सकाळी उठून काय करतात, ते बघ.

मुंबईच्या आसपास खूप संस्था आहेत. वांद्र्याला डॉटर्स ऑफ सेंट पॉल आहेत. १९१५ साली इटलीत अल्बा इथे सुरू झालेली ही संस्था पुस्तकं आणि माध्यमांतून सुवार्ता पोहोचवते. डॉटर्स ऑफ द क्रॉस ही संस्था १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात उभी राहिली. संत माग्दालेना कनोसा यांनी १८०८ मध्ये व्हेरोनात सुरू केलेल्या कनोसियन सिस्टरांच्या शाळा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ही नावं फक्त उदाहरणादाखल दिली. यादी फार मोठी आहे आणि ती फादरांकडे किंवा महाधर्मप्रांताच्या, म्हणजे आर्चबिशपांच्या हाताखालच्या चर्च-विभागाच्या, पाचारण विभागाकडे मिळते. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतात येतात. वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून वेगळा आहे. तुझं घराणं सिरो-मलबार (केरळच्या परंपरेतलं कॅथलिक) असेल तर तुमचं सगळं कल्याणच्या सिरो-मलबार महाधर्मप्रांताकडून चालतं, त्यामुळे पहिला शब्द तिथल्या फादरांकडे टाक.

तीन संस्था निवड. त्यांच्या व्होकेशन प्रमोटर (येऊ इच्छिणाऱ्या मुलींशी बोलणाऱ्या) सिस्टरला पत्र किंवा ईमेल कर आणि प्रत्येकीला हे प्रश्न विचार:

– नव्या मुलींच्या शिकवणीचं घर कुठे आहे, भाषा कोणती? (मराठी माध्यमातून आलीस तर इंग्रजी किंवा हिंदीची तयारी करावी लागेल. त्यात लाजायचं काही नाही.)
– वयाची अट काय? चर्चच्या कायद्याप्रमाणे सतरा पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये (व्रतांआधीच्या घडणीच्या काळात) घेता येत नाही. वरची मर्यादा संस्थेगणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी तिशी-पस्तिशीनंतर अवघड होतं.
– शिक्षण आधी पुरं करायचं की आत आल्यावर?
– घरी फोन आणि भेट कधी?

आणखी एक खबरदारी. व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामवर कोणी "आमच्या कॉन्व्हेंटला ये" म्हणून मागे लागलं, प्रवासाचे किंवा नोंदणीचे पैसे आधी मागितले, तर एक रुपयाही देऊ नकोस. आधी फादरांकडून त्या संस्थेची खातरजमा करून घे.

५. "कम अँड सी" ला जा, आणि डोळे उघडे ठेव

बहुतेक संस्था तीन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत राहायला बोलावतात. प्रार्थनागृह सुंदर असणारच. तू जेवणघर बघ. म्हाताऱ्या सिस्टरांना कोण भरवतं, त्यांच्या खोलीत कोण जाऊन बसतं? सिस्टर एकमेकींवर रागावल्या तर पुढे काय होतं? स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींशी कशा बोलतात? एका कॉन्व्हेंटमध्ये मी पाहिलं: नव्वदीच्या एका सिस्टरला संध्याकाळी काही आठवायचं नाही. तर एक तरुण सिस्टर रोज त्यांच्याजवळ बसून तीच तीन जुनी कोकणी गाणी म्हणायची आणि त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. त्या खोलीच्या दारात उभी असताना मला वाटलं, इथे मी म्हातारी होऊ शकेन. आज मी त्याच संस्थेत आहे.

भेटीनंतर लगेच हो म्हणू नकोस. घरी ये, कामावर जा, आणि पंधरा दिवसांनी काय उरतं ते बघ.

६. घरी सांगणं

हे एका बैठकीत होत नाही. आधी आई किंवा बाबा, ज्यांच्याशी तुझं जास्त पटतं त्यांना सांग. घराबाहेरून कळलं तर त्यांना लागतं. माझ्या आईला चर्चमधल्या एका बाईंकडून कळलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून माझ्या लग्नासाठी जमवलेल्या दोन बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "मग ह्यांचं काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले. आज वाटतं, तेच बरोबर होतं.

त्यांच्या प्रश्नांची खरी उत्तरं दे. म्हातारपणी आमचं कोण करणार, हा प्रश्न स्वार्थाचा नसतो. तू एकुलती असशील, घर तुझ्या पगारावर चालत असेल, धाकट्या भावाची फी तू भरत असशील, तर हे संस्थेलाही स्पष्ट सांग. अनेकदा "दोन वर्षं थांब, घर सावर, मग ये" असं उत्तर मिळतं. ते नकार समजू नकोस.

आईबाबा हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: मुलीबरोबर एकदा त्या कॉन्व्हेंटला जाऊन या. माझे बाबा पहिल्या वेळी आले नाहीत. दुसऱ्या वेळी आले, सुपिरिअरबरोबर (कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरबरोबर) चहा घेतला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघितल्या, आणि निघताना दारात मला म्हणाले, "बाय, नाय जमला त परत ये. लाजू नको." त्या वाक्याच्या बळावर मी टिकले.

७. कागदपत्रं

आधीच सुरू कर. यात वेळ जातो.

– बाप्तिस्म्याचा दाखला, नव्याने काढलेला. घरातला जुना लॅमिनेट केलेला चालत नाही. दृढीकरण, विवाह अशा पुढच्या नोंदी मूळ वहीतल्या तुझ्या नावासमोर लिहिल्या जातात आणि तुझं लग्न झालेलं नाही हे त्यावरूनच कळतं. हा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो. कोपरखैरण्यात राहतेस आणि बाप्तिस्मा आजोळी उत्तनला झाला असेल तर उत्तनलाच जावं लागेल.
– दृढीकरणाचा दाखला.
– आईवडिलांच्या चर्चमधल्या विवाहाचा दाखला (काही संस्था मागतात).
– प्रमुख धर्मगुरूंचं शिफारसपत्र.
– महापालिकेचा जन्मदाखला, आधार, पॅन.
– दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला.
– वैद्यकीय तपासणीचा अहवाल.
– स्वतःच्या हाताने लिहिलेला आपल्या आयुष्याचा थोडक्यात वृत्तांत.
– पासपोर्ट आकाराचे फोटो, जास्तच काढ.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावामुळे. बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं. आधार दुरुस्त करून घे. गरज पडली तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रात नावबदल, हे घरी असतानाच उरकून टाक. आतून हे सगळं करणं फार कठीण. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती दे. मूळ मागितल्या तर पोच घे आणि एक संच घरी ठेव.

शैक्षणिक कर्ज असेल तर आधी फेड. ज्यांच्या डोक्यावर न फिटणारं कर्ज आहे त्यांना घेऊ नये, असं चर्चच्या कायद्यातच आहे. आणि काहीही लपवू नकोस. गोळ्या चालू असतील, पूर्वी नैराश्यावर उपचार झाले असतील, फिट येत असेल, कोणाशी नातं होतं, सगळं सांग. सांगितल्यामुळे दार बंद झाल्याचं मी क्वचित पाहिलं आहे. लपवलेलं तीन वर्षांनी उघड होऊन बंद झालेलं जास्त वेळा पाहिलंय. मात्र मानसशास्त्रीय चाचणी तुझ्या संमतीनेच होते, आणि मनातलं सगळं उघड कर अशी सक्ती सुपिरिअरसुद्धा तुझ्यावर करू शकत नाही. हेही चर्चच्या कायद्यात आहे.

८. आत गेल्यावरचे टप्पे

नावं संस्थेगणिक थोडी बदलतात, पण क्रम हा: ॲस्पिरंट (इच्छुक), मग पोस्ट्युलंट (उमेदवार), मग नोव्हिस (नोव्हिशिएटमधली मुलगी). पहिले दोन टप्पे मिळून साधारण एक ते दोन वर्षं. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचं. या काळात बाहेरचा वावर कमी असतो. नोव्हिशिएटच्या घरापासून सलग किंवा तुकड्या-तुकड्याने तीन महिन्यांहून जास्त दूर राहिलीस तर ते नोव्हिशिएट धरलंच जात नाही. म्हणून घरातलं ठरलेलं लग्न, ऑपरेशन, परीक्षा यांचा हिशेब आधीच कर.

मग पहिली व्रतं, वयाची अठरा पूर्ण झाल्यावर. ती तात्पुरती असतात. तीन ते सहा वर्षं, फार तर एकूण नऊ. आणि शेवटी अखेरची व्रतं, एकवीसच्या आत नाही. म्हणजे आज निघालीस तर कायमचा होकार द्यायला साधारण पाच ते दहा वर्षं आहेत. मठातल्या सिस्टरांसाठी २०१८ पासून सुरुवातीच्या घडणीलाच किमान नऊ वर्षं ठरवली आहेत. पहिल्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा असतो आणि अखेरच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. बावीस-तेवीसच्या मुलीला मृत्युपत्र ऐकून धक्का बसतो. मलाही बसला होता, माझ्या नावावर तर फक्त एक बँक खातं होतं.

संस्थेचं होकाराचं पत्र हातात आल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नकोस. तोंडी "ये" वर नाही.

९. परत यावं लागलं तर

नोव्हिस असेपर्यंत तू कधीही, कोणतंही कारण न देता निघू शकतेस. संस्थाही तुला पाठवू शकते. हे टप्पे त्यासाठीच आहेत. तरी आपल्याकडे परत आलेल्या मुलीकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, आणि ते फार दुखतं. मी परतले तेव्हा काही महिने आठच्या मिस्सेऐवजी साडेसहाच्या मिस्सेला जायचे, म्हणजे कोणी भेटू नये.

तेव्हा मला एका फादरांनी आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची आठवण करून दिली. ते जपानात येशूसंघाच्या (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर काम करत होते. त्यांना त्या संघात यायचं होतं, पण घेतलं गेलं नाही. काही काळ व्यापार केला, मग मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात गेले. १५९७ मध्ये नागासाकीला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी हुतात्मा) झाले आणि १८६२ मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. मदर तेरेसाही १९२८ मध्ये आधी लोरेटो सिस्टरांच्या संस्थेत गेल्या होत्या. नवी वाट त्यांना १९४६ मध्ये दिसली, आणि संस्था उभी राहिली ती १९५० मध्ये.

परतलीस तर पहिली गोष्ट, काम शोध. पगाराचं, वेळेवर जावं लागेल असं. दुसरी, वर्षभर कोणत्याही नव्या संस्थेला लिहू नकोस. तिसरी, पुन्हा अर्ज करशील तेव्हा आधीच्या घराबद्दल स्वतःहून सांग, कारण नवी संस्था जुन्या सुपिरिअरचं पत्र मागवतेच, तसा नियम आहे. म्हणून निघताना भांडून निघू नकोस. माझ्याबद्दल आलेलं पत्र पुढे कधीतरी मला वाचायला मिळालं. त्यात दोनच वाक्यं होती: मुलगी प्रामाणिक आहे. आमच्या कामात तिचं मन रमलं नाही, पण आजाऱ्यांची सेवा ती आमच्या सगळ्यांहून चांगली करायची.